गुरुवारच्या गटातलं कुणीतरी

प्रिय कोशबाई,

हे पत्र शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचू नकोस. घरी ने, दार लाव आणि एका बैठकीत वाच. मध्येच ठेवलंस तर तुझ्या हाती फक्त माझी जुनी बाजू राहील, आणि ती तर तू दोन वर्षं ऐकतेच आहेस.

आधी बातम्या सांगते, म्हणजे माझाही हात जरा मोकळा होईल. वॉर्डनबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी किल्ल्यांचा जुडगा परत देताना त्या रडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी एक किल्ली चुकून पर्समध्ये राहिली म्हणून परत आल्या. दोन तास बसल्या, नव्या वॉर्डनच्या तीन चुका काढल्या आणि मगच गेल्या. सकाळच्या प्रार्थनेची घंटा आता विजेवर वाजते. दोर ओढायची पाळी कुणावर नाही, त्यामुळे उशीर झाला की शिव्या घालायलाही कुणी उरलेलं नाही. आपल्या खोलीत दोन नव्या मुली आल्यात. बेसिनवर तू चिकटवलेला ग्रीक क्रियापदांचा तक्ता त्यांनी खरवडून काढायचा प्रयत्न केला, पण अर्धाच निघाला. तू काय खळ लावली होतीस कोण जाणे! एकीने मला विचारलं, "हे कुणी लावलं होतं?" मी म्हटलं, "एका वेड्या बाईने. दात घासताना क्रियापदं चालवायची ती."

खरंच चालवायचीस. आठवतं, चर्चचं पाळकपण शिकायला तू पहिल्या दिवशी या कॉलेजात आलीस तेव्हा एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या कडेवर तो जाडजूड ग्रीक कोश, तान्ह्या मुलासारखा. जेवायच्या आधीच तुझं नाव कोशबाई पडलं होतं. मी अकरा वर्षं दवाखान्यात नोकरी करून आलेली, म्हणून मी सिस्टर. जिथे झाडून सगळ्या बायकांना बहीण म्हणतात तिथे मलाच तेवढं सिस्टर म्हणायचे, याचं तुला केवढं हसू यायचं. तू शाळेत भाषा शिकवलेली, शब्द तोलून बोलणारी. मी दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवायच्या धंद्यातली. कुणाला काय झालंय, कुणाचा रिपोर्ट काय आलाय, हे सगळं माहीत असून जिन्यात भेटलेल्या नातेवाइकासमोर कोऱ्या चेहऱ्याने हसायचं, हे मी अकरा वर्षं केलं होतं. त्यामुळे गुरुवारच्या गटाचा नियम मला शिकवायची गरज नाही, असं मी सगळ्यांना ऐकवलंही होतं. इथलं इथेच. नियम एवढाच.

गुरुवारी चार वाजता, प्रार्थनामंदिराच्या मागे झगे ठेवायच्या खोलीत आपण चौघं बसायचो. तू, मी, सुतारदादा आणि वकील. वकील कोर्टातल्या भांडणांना कंटाळून पाळक व्हायला आला होता, पण सवय जात नव्हती. प्रार्थनासुद्धा पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा अशी करायचा. दादा आपल्या सगळ्यांत मोठे. वीस वर्षं दारं-खिडक्या करून पंचेचाळिशीला पोचलेला माणूस, कुठेही बसण्याआधी खुर्चीच्या खालून हात फिरवून सांधे बघणारा. बोलायचे कमी. मला बोलणाऱ्या माणसांची भीती कधी वाटली नाही, गप्प बसणाऱ्यांची वाटते. दवाखान्यात गप्प पेशंटच रात्रपाळीला घोर लावतो.

त्या गुरुवारी तू जे बोललीस ते मी पुन्हा लिहिणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुझी आई जाऊन चार महिने झाले होते. तू आधी नेहमीसारखं परीक्षेचं काहीतरी सांगत होतीस आणि मध्येच थांबलीस. म्हणालीस, "आई गेल्यापासून मी प्रार्थना करते म्हणजे नुसते ओठ हलवते. पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. रिकाम्या घराला हाका मारल्यासारखं वाटतं." वकिलाने खाली बघितलं. दादांनी उठून खिडकी उघडली आणि तिथेच पाठ करून उभे राहिले. मी तुझा हात धरला. कुणी उपदेश केला नाही, हे मला फार आवडलं होतं. खोलीवर आल्यावर तू म्हणालीस, "बोलले ते बरं झालं गं. छातीवरचं उतरलं." आणि त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी तू पोटभर जेवलीस.

पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. सतराव्या दिवशी प्राचार्यांनी तुला बोलावलं. तू परत आलीस ती बुटांसकट पलंगावर बसलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "त्यांनी विचारलं, प्रार्थना म्हणजे रिकाम्या घराला हाका मारणं आहे असं तुला वाटतं का? सिस्टर, माझेच शब्द. जसेच्या तसे." नुसता विषय कळला असता तर म्हटलं असतं, चेहऱ्यावरून ओळखलं असेल. पण शब्द? शब्द तर त्या खोलीतून कुणीतरी उचलून नेलेले होते. मग समिती बसली. तुमच्या चर्चच्या ज्या मंडळीने तुला इकडे पाठवलं होतं त्यांना पत्र गेलं. निर्णय आला, एक वर्षाची विश्रांती. विश्रांती! असा मऊ शब्द त्यांनी कुठून शोधला असेल? एरवी तू तो कोशात शोधून हसली असतीस, त्या दिवशी हसली नाहीस.

मी गणित मांडलं. चौघं होतो. तू स्वतःची चुगली करणार नाहीस. मी तर नाहीच. राहिले दोघं. वकिलाची बायको बाळंत झाली होती, तो त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी घरी गेला आणि तुला बोलावलं गेल्यावर दोन दिवसांनी परत आला. उरले एक. एकदा तो एक उरला म्हटल्यावर मला सगळं दिसायलाच लागलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणानंतर, सगळे आडवे होत तेव्हा, दादा बाजूच्या दाराने प्राचार्यांच्या खोलीत शिरायचे. शर्टाच्या आत काहीतरी दडवलेलं असायचं. पाऊण तासाने बाहेर यायचे, कान लालबुंद. मी ग्रंथालयाच्या जिन्यात बसून हे बघायचे. पेशंटच्या तापाची नोंद ठेवतात तशी मी नोंद ठेवली होती, गीतांच्या एका जुन्या कागदामागे. आत गेले अमुक वाजता, बाहेर आले अमुक वाजता. एकदा त्यांनी मला पाहिलं. दचकले, आणि मी काही विचारलं नसताना म्हणाले, "ती... खिडकी घासत होती. बघायला गेलो होतो." मी दुसऱ्या दिवशी फुलं ठेवायच्या निमित्ताने आत जाऊन खिडकी उघडून पाहिली. लोण्यासारखी सरकली. कोशबाई, त्या क्षणी मला कसं वाटलं सांगू? पेशंट तपासताना नेमकं गाठीवर बोट पडल्यासारखं.

तरी तू म्हणालीस, "नक्की कळल्याशिवाय बोलू नकोस." तुझा हा स्वभाव मला तेव्हा भाबडा वाटायचा. म्हणून मी सापळा लावला. स्वयंपाकघरात मोठी पातेली घासायची पाळी माझी आणि दादांची होती. राख-साबणात कोपरापर्यंत हात बुडवून मी त्यांना हळूच सांगितलं, "दादा, कुणाला बोलू नका. दवाखान्यात माझी जुनी जागा रिकामी झालीय. मन तिकडे ओढ घेतंय. बहुतेक मी जाणार." धादांत खोटं. दुसऱ्या कुणालाही मी हे सांगितलं नव्हतं, तुलासुद्धा नाही. दादांच्या हातातलं पातेलं थांबलं. म्हणाले, "जाऊ नकोस गं. तू गेलीस तर ती कोशबाई कुणाच्या आधाराने उभी राहील?" मी मनात म्हटलं, वा, नाटक चांगलं येतं की! पुढच्या सोमवारी प्राचार्य व्हरांड्यात भेटले. चष्मा पुसत, अगदी मायेने म्हणाले, "काय सिस्टर, दवाखान्याची ओढ लागलीय म्हणे?" खरं सांगते, मला आनंद झाला. आपला संशय खरा ठरल्याचा आनंद. त्याच्यासारखा गोड आणि घाणेरडा आनंद दुसरा नाही.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तू निघणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, साठ माणसं जेवायला बसलेली. सूप वाढायची पाळी दादांची होती. ते आपल्या टेबलाशी आले आणि मी उठून उभी राहिले. म्हटलं, "दादा, गुरुवारचं बोलणं प्राचार्यांच्या खोलीत पोचवायचं काय मिळतं तुम्हाला?" चमचे वाजायचे थांबले. दादांनी पळी पातेल्यात ठेवली. माझ्याकडे बघितलंच नाही, तुझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मी नाही पोचवलं." मी म्हटलं, "मग मंगळवारी-शुक्रवारी शर्टात लपवून काय नेता तिथे?" त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग पळी उचलली आणि पुढच्या टेबलाकडे वळले. तिथे कुणीही वाडगा पुढे केला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी ते तुझी ट्रंक उचलायला वाकले तेव्हा तू म्हणालीस, "हात लावू नका." मला तुझा अभिमान वाटला होता.

तू गेल्यानंतरचं वर्ष मी तुला पत्रांतून कळवत राहिले, पण एकच बाजू कळवली. दादांच्या शेजारची खुर्ची कशी रिकामी राहते, प्रवचनाच्या तासाला त्यांचं प्रवचन झालं की टीका करायलाही कुणी कसं तोंड उघडत नाही, वकिलाने गट कसा बदलून घेतला. औषधाचे थेंब द्यावेत तसं प्रत्येक पत्रात थोडं थोडं. तू एकदा लिहिलंस, "मी आता रविवारी चर्चच्या दारापर्यंत जाते. गाणी ऐकते. आत पाऊल टाकायचं म्हटलं की वाटतं, इथेही कुणीतरी ऐकत असेल आणि नेऊन सांगेल." ते वाक्य वाचून मी दादांवर आणखी चिडले. त्यांचं शिक्षण संपलं, शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्यावर, चाळीस माणसांची एक मंडळी त्यांना मिळाली. निघताना ते माझ्या खोलीपर्यंत आले होते. मी दार उघडलं नाही. हे मात्र मी तुला कळवलं नव्हतं.

आता या महिन्यातलं सांगते. माझा अभ्यासक्रम संपला आणि आमच्या आत्मचिंतनाच्या वह्या परत मिळाल्या. आठवतात ना? दर शनिवारी हिरव्या शाईकडे द्यायच्या त्या. आपल्या त्या मार्गदर्शक बाई, ज्या समासात हिरव्या शाईने लिहायच्या आणि ज्यांच्या शेऱ्यासाठी मी जीव टाकायचे. दुसऱ्या वर्षी दर शनिवारी सुटी पानं द्यायची, आणि गुण धरले जातात म्हणून त्यांची वही बांधून शेवटपर्यंत ठेवून घेतात, शेरे तोवर दिसत नाहीत. मी ती घेऊन कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसले, मशीन चालू होतं, बाकी कुणी नव्हतं. मजा म्हणून पानं चाळत होते. आणि तो आठवडा आला.

मी लिहिलं होतं, "माझ्या खोलीतल्या बहिणीने आज सांगितलं की आई गेल्यापासून तिला प्रार्थना म्हणजे रिकाम्या घराला हाका मारल्यासारखी वाटते. मी तिचा हात धरून बसले. परिचारिका म्हणून वेदनेजवळ बसायची मला सवय आहे, पण पाळक म्हणून बसणं वेगळं, हे मला आज उमगलं." दीड पान होतं. सगळं तुझ्याबद्दल, आणि खरं तर एक ओळही तुझ्याबद्दल नव्हती. मी किती छान ऐकते याबद्दल होतं. समासात हिरव्या शाईत, "अतिशय संवेदनशील निरीक्षण. दहापैकी नऊ." आणि त्याखाली, बारीक अक्षरात, "प्राचार्यांशी बोलले."

मशीन थांबलं तरी मी तिथेच होते. मग पुढची पानं उलटली. मला माहीत होतं आता काय सापडणार. "एका भावाला मी या आठवड्यात सांगितलं की मन पुन्हा दवाखान्याकडे ओढ घेतंय." ते खोटं होतं हे लिहायची मला लाज वाटली होती, म्हणून तेवढंच लिहून सोडून दिलं होतं. शेजारी हिरवी शाई, "हे स्वाभाविक आहे. प्राचार्यांनाही कल्पना दिली आहे." काखेत कळसा म्हणतात, तो असा. सापळाही मीच लावला, दोरीही मीच ओढली आणि अडकवला त्या माणसाला.

तू विचारशील, "तुला आठवलं कसं नाही?" शपथेवर सांगते, नाही आठवलं. वही म्हणजे अभ्यास, शनिवारचं एक काम, लिहिलं आणि दिलं. चुगली म्हणजे कुणीतरी दारामागे कुजबुजतं ती, अशीच माझी समजूत. पण गेले वीस दिवस मी हेही स्वतःला विचारतेय, की आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं? सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता तो माझ्याच दारात येऊन बसलाय आणि हलत नाही. जिन्यात बसून दुसऱ्याच्या येण्याजाण्याची मिनिटं मोजणाऱ्या बाईला स्वतःचं दीड पान विसरता येतं, यावर मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत विश्वास ठेवला असता का?

हिरव्या शाईकडे गेले. भांडायलाच गेले होते. बाईंनी शांतपणे वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे छापलं होतं की गरज वाटल्यास मजकूर प्राचार्यांना सांगितला जाईल, आणि खाली माझी सही होती. म्हणाल्या, "तू लिहिलंस म्हणून मला वाटलं, तू तिच्यासाठी मदत मागते आहेस. मीही मदतीसाठीच सांगितलं. पुढे समिती बसेल असं मला खरंच वाटलं नव्हतं." मी विचारलं, "आणि जेवणाच्या हॉलमध्ये मी दादांवर ओरडले तेव्हा? तुम्ही तिथे होतात." त्यांनी हिरव्या पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "होते. वाटलं, काहीतरी वेगळं प्रकरण असेल. विचारायला हवं होतं." त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की गप्प बसणं सोयीचं होतं, ते मला सांगता येणार नाही. आता कुणाच्या मनातलं ओळखायचा दावा मी करत नाही.

मग बसने शेवटच्या थांब्यावर गेले. ती मंडळी एका बैठ्या हॉलमध्ये भरते, पलीकडे कारखान्याची भिंत. दादा जमिनीवर बसून एका बाकाचा पाय बसवत होते. मला बघून उठले नाहीत, नुसतं म्हणाले, "ती स्क्रूची वाटी दे इकडे." मी दिली. त्यांनी चार स्क्रू पिळेपर्यंत मी उभ्याउभ्या सगळं बोलून टाकलं, वही काढून ते पानही दाखवलं. त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, "माहीत आहे." मी म्हटलं, "काय माहीत आहे?" "हेच. तुझ्याकडूनच गेलं असणार हे. वहीचंही मनात आलं होतं, मीही लिहायचोच की त्या हिरव्या शाईला. वकील गावी होता. मी बोललो नव्हतो. तीन वजा झाले की एक उरतो. मला ग्रीक येत नव्हतं सिस्टर, गणित येत होतं."

ग्रीक. तेच होतं शर्टाच्या आत. दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा झाले असते तर घरी जावं लागलं असतं. प्राचार्य त्यांना लपून शिकवायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. बालवाडीतल्या मुलाची असते तसली चौकटीची वही, आणि तिच्यात अक्षरं गिरवायची. "माझ्या मुलाच्या वयाची पोरं ज्याला पाठांतर म्हणतात ते मला येत नाही, हे कसं सांगणार साठ जणांपुढे?" मी म्हटलं, "पण दादा, तेवढं सांगितलं असतं तर तुम्ही सुटला असतात!" त्यांनी बाक सरळ करून हलवून पाहिला. म्हणाले, "सुटलो असतो. मग सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं. तिनेही. त्या पोरीची आई गेलेली, देव हरवलेला, दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटणार. एक तू राहिली होतीस. मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघितलं. म्हटलं, हेही काढून घेऊ का हिच्याकडून?"

मी खाली बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. मला वाटलं आता ते म्हणतील, मी केव्हाच माफ केलं. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी काही संत नाही हां. राग आला होता. रोज सकाळी सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचो, तुझं गाळायचो. वर्षभर गाळलं. वाटायचं, हिला कळू दे एकदा." मी विचारलं, "आणि आता कळलं, तर?" ते म्हणाले, "आता तुझं तोंड बघवत नाही. आता काय मजा?" आणि हसले, कोशबाई. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, ज्या हॉलमध्ये बोलले तिथेच उभी राहून सगळ्यांसमोर सांगते. ते म्हणाले, "कुणाला सांगशील? तेव्हाचे सगळे गेले. नव्या पोरांना वाटेल, तुझं प्रवचन चाललंय. चांगले गुणसुद्धा मिळतील." एवढं लागलं ते मला! पण खरं होतं. वकिलाला मी लिहिलं आहे. पुढच्या महिन्यातला माझा पाळकपदाचा दीक्षाविधी मी लांबवायला सांगितला आहे. बिशपांनी कारण विचारलं तेव्हा लपवलं नाही. दुसऱ्यांचं ऐकून घ्यायचा अधिकार मला मिळावा की नाही, हे मी आज तरी ठरवू शकत नाही.

पण हे सगळं फक्त कबुली द्यायची म्हणून लिहिलेलं नाही. मी निघाले तेव्हा दादांनी टेबलाचा खण उघडून तुझ्या नावाची तीन पाकिटं काढली. दोन वर्षांत त्यांनी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही परत आली. न उघडता, "परत पाठवावे" असं तुझ्या टपोऱ्या अक्षरात लिहून. तू मला हे कधी कळवलं नाहीस, आणि का कळवावंस? माझ्याच सांगण्यावरून तर तू त्यांना दारात उभं करत नव्हतीस. दादा म्हणाले, "पहिल्या दोन पत्रांत नुसती विचारपूस होती, ती राहू दे. तिसरं तिला मिळायला हवं. तुझ्या पाकिटातून गेलं तर घेईल." ते तिसरं यासोबत ठेवलं आहे. त्यात काय लिहिलंय मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. काल एकदा मी ते खिडकीसमोर उजेडात धरलं होतं, हेही सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल तुझा गैरसमज नको. काही दिसलं नाही, आणि मी ते खाली ठेवलं. चिकटवलेली कड तू नीट बघून घे, संशय आला तर तो घ्यायचा तुला पूर्ण हक्क आहे. माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, ते फाडून टाकलंस तरी चालेल. त्यांचं तेवढं उघड.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझीच,
सिस्टर